भिंत आणि रंग : पानिपत ते मेणवली

पानिपत हे नाव उच्चारले की मराठी मनापुढे रणांगण उभे राहते. १४ जानेवारी १७६१ या दिवसाने त्या नावावर अशी काही छाया टाकली आहे की, पानिपत हे एक नांदते गाव आहे याचा सहसा विसरच पडतो. रणांगणावर माणसे दोन घटका लढतात. गावात पिढ्यानुपिढ्या राहतात. तेथे चुली पेटतात, लग्ने होतात, पावसाळा संपला की भिंतींची डागडुजी होते. इतिहासाने पानिपतच्या मैदानाकडे पुष्कळ पाहिले. पानिपतच्या भिंतींकडे फारसे पाहिले नाही. घराच्या आतील भिंतीला कोणता रंग द्यावा, हा आज प्रत्येक संसारापुढे येणारा साधा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने पानिपतच्या भिंतींपासून आरंभ केला तर ते वावगे होणार नाही.

या भिंतींचे पहिले ऐतिहासिक दर्शन घडते ते बाबराच्या लढाईत. २१ एप्रिल १५२६ रोजी इब्राहिम लोदीशी सामना देताना बाबराने आपल्या सैन्याची उजवी बगल पानिपत शहराला आणि त्याच्या वस्तीतील घरांना टेकवली होती. रहिवाशांच्या घरांच्या भिंतींनी त्या दिवशी तटबंदीचे काम केले. विजयानंतर पुढच्याच वर्षी, १५२७ मध्ये, बाबराने तेथे काबुली बाग ही मशीद उभारण्यास घेतली. ती आजही उभी आहे. गंगा-यमुनेच्या गाळाने बनलेल्या या सपाट प्रदेशात हाताशी दगड नाही. माती मात्र अलोट. म्हणून येथील बांधकाम विटांचे आणि विटांवरचा गिलावा चुन्याचा. काबुली बागेची बांधणीही याच परंपरेतील आहे.

विटेची भिंत दिसायला जितकी सरळ, तितकीच स्वभावाने मानी असते. वीट सच्छिद्र आहे. पायाखालची ओल ती दिव्याच्या वातीप्रमाणे वर ओढून घेते. त्यातून पानिपत-कर्नाल भागातील जमिनीत अनेक ठिकाणी क्षार फार. या क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास करण्यासाठी १९६९ साली भारत सरकारने एक स्वतंत्र संशोधन संस्था स्थापली, ती पानिपतच्या शेजारच्या कर्नाल येथेच. जमिनीतील हे क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात. ओल पृष्ठभागापाशी येऊन हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. मराठीत याला ‘भिंतीला लोणा लागणे’ असे म्हणतात. हे स्फटिक वाढू लागले की आतून रेटा देतात, गिलावा भुसभुशीत होतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. अशा भिंतीवर कोणता लेप द्यायचा हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. भिंत टिकेल की नाही, हे त्यावर ठरते.

जुन्या गवंड्यांनी याचे उत्तर चुन्यात शोधले होते. चुन्याचा लेप ओलीला अडवीत नाही, तिला बाहेर जाऊ देतो. क्षार वर आले तर चुन्याचा वरचा पातळ थर झडतो. तो झाडून टाकून नवा हात दिला की काम झाले. भिंतीऐवजी लेपाने झिजावे, अशी ही योजना आहे. आपले अंग झिजवून धन्याला राखणाऱ्या सेवकाची उपमा चुन्याला शोभून दिसेल.

अशा या गावाच्या आश्रयाने १७६० च्या नोव्हेंबरपासून सुमारे अडीच महिने मराठ्यांची छावणी पडली होती. त्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली होती. सैन्याला पोटाला नव्हते, खजिना रिकामा होता. तेव्हा लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासच्या छताचा चांदीचा पत्रा उतरवून त्याचे रुपये पाडण्यात आले. या कृत्याचे गुणदोष इतिहासकारांनी तपासले आहेत. येथे त्यातील एकच गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. छताला चढवलेली चांदी उतरवता आली, कारण ती छताची कधी झालीच नव्हती. भिंतीत मुरलेला चुना मात्र कोणालाही उतरवून नेता येत नाही. शोभेचे हे दोन प्रकार आहेत : एक वरून लादलेली, दुसरी वस्तूशी एकजीव झालेली. घराच्या भिंतींचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या दोन शोभांमधील निवडीचाच इतिहास होय.

त्या छावणीत एक कोवळा तरुण होता. बाळाजी जनार्दन भानू हे त्याचे नाव. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. म्हणजे लढाईच्या दिवशी वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तीर्थयात्रेच्या ओढीने आई आणि पत्नी यांना घेऊन तो भाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेत आला होता. लढाईचा निकाल लागल्यावर अंगावरचा वेष टाकून, उपाशीतापाशी, पायी चालत त्याने जीव वाचवला. पत्नीची पुढे भेट झाली. आई मात्र परतली नाही. हे सारे त्याने आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हाच तरुण पुढे नाना फडणवीस म्हणून सर्व हिंदुस्थानला ठाऊक झाला.

पानिपतहून परतलेल्या या माणसाने पुढे वाईजवळ, कृष्णेच्या काठी, मेणवली येथे वाडा बांधला. चौकामागून चौक असलेला हा वाडा, त्याच्या पाठीशी कृष्णेचा घाट आणि घाटावर मेणेश्वराचे देऊळ, असे हे स्थान आजही पाहायला मिळते. या वाड्याच्या आतील भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. राज्यकारभाराची असंख्य कागदपत्रे ज्या वास्तूत सांभाळली गेली आणि पुढे ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासकारांना उपयोगी पडली, तिच्याच भिंतींनी हे रंगही सांभाळले. रंग आणि कागद ही दोन्ही नाजूक द्रव्ये. ती टिकतात ती भिंत कोरडी आणि निरोगी असेल तरच.

पेशवाईतील अशा भिंती कशा सिद्ध होत, हे समजून घेण्यासारखे आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णतेवर भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी ओतले की ती सळसळून, तापून विरते. हा विरलेला चुना पाण्याखाली जितका अधिक दिवस मुरावा तितका तो मऊ आणि चिवट होतो. मग तो वाळूसह घाणीत घालीत. घाणी म्हणजे गोल दगडी चर आणि त्यात बैलाने फिरवायचे दगडी चाक. मळताना त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर, तागाचे तंतू अशी द्रव्ये ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे पडत. भिंतीवर चढलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडाचा चुना झाला, चुन्याचा पुन्हा दगड झाला. भिंतीवर दगडाचाच पातळ थर चढला, असे म्हटले तरी चालेल.

या चुन्याशी ज्या रंगांचे पटते तेच रंग जुन्या घरांत दिसतात. चुना अत्यंत दाहक असतो. वनस्पतींपासून काढलेले बहुतेक रंग त्याच्यापुढे टिकत नाहीत. खनिज मातीचे रंग मात्र टिकतात. गेरू आणि काव यांचा तांबडा, पिवडीचा पिवळा, हिरव्या मातीचा हिरवा, काजळीचा काळा आणि चुन्याचा स्वतःचा पांढरा, हा या भिंतींचा मूळ संसार. गेरूचा तांबडेपणा म्हणजे लोखंडाचा गंज. जे एकदा गंजून चुकले ते आणखी काय गंजणार? म्हणूनच तो ना उन्हाने विटतो, ना चुन्याने जळतो. अजिंठ्याच्या लेण्यांतही प्रामुख्याने असेच मातीचे रंग आहेत आणि त्यांतील पुष्कळ चित्रे सुमारे पंधराशे वर्षे टिकली आहेत. हिंगूळ, हरताळ, शेंदूर यांसारखे तेजस्वी पण नाजूक प्रकृतीचे रंग वापरायचे झाले तर ते सुकलेल्या भिंतीवर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावीत. कोणता रंग कोठे आणि कशात कालवून लावावा, हे ज्ञान चिताऱ्याच्या हातात असे.

अशी चित्रे पुण्याच्या शनिवारवाड्यातही होती. १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याच्या भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवलेले होते. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि त्या भिंतींबरोबर ते रंगही गेले. म्हणूनच मेणवलीसारख्या ठिकाणी जे उरले आहे त्याचे मोल मोठे.

परंतु चित्रे काढवून घेणारी घरे थोडीच. सामान्य मराठी घराची भिंत सफेतीवर संतुष्ट असे. पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीवर चुन्याचे दोन-तीन पातळ हात देत, तळाशी गेरूचा पट्टा ओढीत. या साध्या योजनेत किती विचार भरला आहे, हे सहसा लक्षात येत नाही. माजघरात खिडकी लहान, दिवा तेलाचा. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत खोलीत पाठवते, म्हणून एका समईत माजघर उजळते. चुन्याच्या दाहकतेमुळे भिंतीवर बुरशी आणि किडे वाढत नाहीत. सारवणाचे शिंतोडे, मुलांच्या पावलांचा मळ हे सर्व तळाशी; तेथे गेरू ते पोटात घेतो. सफेतीची वेळ बहुधा दिवाळीपूर्वीची, तीही सकारण. पावसाने ओथंबलेली भिंत तोवर आतून वाळलेली असते आणि हवेत वैशाखाचा दाह नसतो. चुना फार लवकर वाळला तर तो जमत नाही, त्याची भुकटी हाताला लागते. म्हणून कुंचा फिरवण्यापूर्वी भिंतीवर पाणी शिंपडण्याचा प्रघात होता. उत्तरेतील घरांनाही हाच नियम लागू. पानिपतच्या लू वाहणाऱ्या ज्येष्ठात चुना देणारा गवंडी शहाणा ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. १८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे सिमेंटबरोबर नव्या भिंती आल्या, विलायती तैलरंग आले, सरसात कालवलेले डिस्टेंपर आले. रसायनशास्त्राने पूर्वी न पाहिलेले रंगही दिले. १८२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये कृत्रिम नीळ सिद्ध झाली. चुन्यात न विटणारा हा निळा रंग स्वस्त होताच सफेतीत चिमूटभर नीळ टाकून ती अधिक शुभ्र दाखवण्याची रीत घरोघर पसरली. विसाव्या शतकात हा धंदा देशी झाला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात रोडावली असता १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कुंचल्यातून उतरलेला, हातात रंगाचा डबा घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ पुढे कितीतरी वर्षे भारतीय घरांना रंगाची आठवण करून देत होता.

नव्या रंगांबरोबर नवे धोकेही आले आणि त्यांची किंमत माणसांनी मोजली. १७७५ मध्ये कार्ल शेले या रसायनज्ञाने सोमलापासून एक मोहक हिरवा रंग बनवला. युरोपातील दिवाणखान्यांच्या भिंतींवर, विशेषतः भिंतींना चिकटवायच्या रंगीत कागदांवर, तो मिरवू लागला. दमट भिंतीवर बुरशी धरली की त्यातून सोमलाचा विषारी वायू सुटू शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाची कथाही अशीच. तो भिंतीला झाकतो उत्तम, पण त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. १९२१ मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापराविरुद्ध करार संमत केला. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून तो लागू झाला. या दोन सालांमधील अंतर शंभर वर्षांना थोडेच कमी आहे. तेव्हा रंगाचा डबा घेताना छटेच्या आधी त्यावरील शिशाविषयीचा मजकूर वाचणे, यात अतिरेक काहीच नाही.

दुसरा धोका माणसाला नसून भिंतीला आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी अजिंठ्याची चित्रे उठून दिसावीत, टिकावीत, या सद्हेतूनेच त्यांवर रोगणाचे आणि लाखेचे थर देण्यात आले. कालांतराने ते थर पिवळे पडले, त्यांवर धूळ बसली आणि चित्रांचे रंग झाकोळले. पुढे तज्ज्ञांना ते थर उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे श्रम करावे लागले. जे अजिंठ्यात घडले तेच लहान प्रमाणावर जुन्या वाड्यांत आणि घरांत घडत आले आहे. चुन्याच्या सच्छिद्र भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत तैलरंग चढवला की पहिल्या वर्षी घर नवे दिसते. आतील ओलीला मात्र बाहेर पडायला वाट उरत नाही. ती भिंतीत अधिकच वर चढते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात आणि पोपड्यांबरोबर जुना गिलावाही सुटून येतो. त्या गिलाव्यावर एखाद्या चिताऱ्याचा हात फिरला असेल, तर तोही केरात जातो. आगीने शनिवारवाड्याचे जे केले ते चुकीचा रंगही करू शकतो, फक्त सावकाश आणि गाजावाजा न करता.

याचा अर्थ नवे रंग वाईट, असा मुळीच नाही. आजची बहुतेक घरे सिमेंटच्या गिलाव्याची आहेत. पायातील ओल अडवण्याची तजवीज त्यांत केलेली असते. तेथे पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग शोभतात, पुसता येतात आणि त्यांचा दर्पही तैलरंगांहून कमी असतो. स्वयंपाकघरात जेथे तेलाची वाफ बसते तेथे धुता येईल असाच थर हवा. झोपण्याच्या खोलीत झळाळी नसलेला, डोळ्यांना शांत वाटणारा. नव्या गिलाव्याला पुरते वाळू द्यावे लागते. ताज्या चुन्यावर वा सिमेंटवर तैलरंग दिला तर त्यातील तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकचिकीत होऊन सुटतो. भिंतीला ओल असेल तर आधी तिचे मूळ शोधावे. गळता नळ, फुटकी गच्ची, पायाशी साचणारे पाणी यांवर कोणत्याही डब्यात औषध नसते. छटा ठरवताना दुकानातील इवल्याशा चौकोनावर विसंबू नये; तोच रंग चार भिंतींवर गेला की अधिक गडद भासतो. हातभर जागेवर तो लावून सकाळच्या उन्हात, दुपारच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली पाहावा. जुने घर विटा-चुन्याचे असेल तर त्याला चुनाच द्यावा, किंवा ओलीला वाट देणारा त्याच जातीचा रंग.

या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगायचे तर, रंग आधी भिंतीला विचारावा आणि मग डोळ्यांना. पानिपतच्या क्षारभरल्या मातीत उभ्या असलेल्या विटांच्या भिंतींनी हाच धडा दिला. कृष्णाकाठच्या मेणवलीनेही तोच गिरवला. दिल्लीच्या छतावरची चांदी एका मोहिमेच्या निकडीत वितळून गेली. पानिपतच्या रणातून रिकाम्या हातांनी परतलेल्या माणसाने बांधलेल्या वाड्यात मात्र चुन्यावरचे रंग दोन शतकांहून अधिक काळ राहिले. घर म्हणजे शेवटी परत यायची जागा. तिच्या भिंती निरोगी असाव्यात, त्यांवरचा रंग निर्विष असावा, आणि दिवसभराचे कष्ट संपवून आलेल्या माणसाची दृष्टी त्यावर क्षणभर सुखाने विसावावी, एवढे ज्या निवडीने साधते ती निवड उत्तम.